वकिलाशिवाय ग्राहक आयोगात: फाइल लावण्यापासून पैसे हातात येईपर्यंत

गच्चीवर बसवलेला सोलर बंब आठ महिन्यांत गळायला लागला. दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, दुकानदाराशी बोला. ३८,००० रुपये मोजून आम्ही पुन्हा गॅसवर पाणी तापवत होतो. ओळखीच्या एका वकिलांकडे गेले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, एवढ्या रकमेसाठी वकील करणं तुम्हाला परवडायचं नाही. ग्राहक आयोगात स्वतः जा, तिथे चालतं."

तिथे चालतं हे खरंच. पण तिथे गेल्यावर नेमकं काय करायचं, हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तक्रार दाखल केली, २०२५ मध्ये निकाल माझ्या बाजूने लागला, आणि मधल्या काळात प्रत्येक तारखेला काहीतरी नवं कळत गेलं. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या चार-पाच जणांच्या फाइली मी त्यांच्याबरोबर बसून लावल्या. पहिल्यांदाच आणि एकट्याने जाणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आयोगात बोलायला फार वेळ मिळत नाही. तुमच्या वतीने कागद बोलतात. तक्रारीतल्या प्रत्येक वाक्यामागे फाइलमधलं एक पान असलं पाहिजे, आणि ते पान तुम्हाला पाच सेकंदांत काढता आलं पाहिजे.

आपलं प्रकरण तिथे बसतं का?

लोक अजून 'ग्राहक मंच' किंवा 'ग्राहक कोर्ट' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून नाव 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' असं आहे. समोर एक अध्यक्ष आणि सदस्य बसतात.

पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेतलेली वस्तू यात येत नाही, मात्र स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन किंवा रिक्षा येते. फुकट मिळालेली सेवा येत नाही. विमा, बँक, बिल्डर, खाजगी दवाखाना, कुरिअर, क्लास, मोबाइल हे सगळं साधारणपणे येतं. वकिलाने दिलेली सेवा मात्र येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोगाकडे, त्यापुढची दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे. नवखा माणूस चुकतो तो इथेच. ही रक्कम म्हणजे तुम्ही वस्तूसाठी किंवा सेवेसाठी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम; मागितलेली भरपाई त्यात धरायची नाही. माझ्या बंबाची किंमत ३८,००० होती, म्हणून मी भरपाई कितीही मागितली असती तरी प्रकरण जिल्हा आयोगाचंच राहिलं असतं. फीसुद्धा त्याच रकमेवर ठरते: ५ लाखांपर्यंत काहीही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. मला एक रुपयाही कोर्ट फी पडली नाही.

नव्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं तरी लातूरच्या माणसाने लातूरलाच जायचं. पूर्वी या एका अडचणीपायी कितीतरी लोक गप्प बसत.

मुदत दोन वर्षांची, आणि ती मोजायची तक्रारीला कारण घडलं त्या दिवसापासून. माझ्यासाठी तो दिवस होता टाकी पहिल्यांदा गळल्याचा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन जरूर करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली किंवा नोटीस पाठवली म्हणून ही दोन वर्षं थांबत नाहीत. कंपनीचा माणूस "बघतो, करतो" म्हणत वर्ष घालवतो आणि आपण चांगुलपणाने वाट बघत राहतो. कॅलेंडरवर शेवटची तारीख लाल शाईने लिहून ठेवा. ती उलटलीच तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीबरोबर द्यावा लागतो, आणि त्यात उशिराचं पटण्याजोगं कारण कागदानिशी दाखवावं लागतं.

वकील घ्यायलाच हवा अशी ठिकाणं

फौजदारी प्रकरणात एकट्याने जाऊ नका. पोलिसांचं समन्स असो, चेक न वटल्याचा खटला असो, मारहाणीचा असो, तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कामगार, कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मागायला संकोच नको.

ग्राहक आयोगातसुद्धा डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचं प्रकरण असेल, किंवा आयुष्याची कमाई अडकलेला फ्लॅट असेल, तर निदान एकदा वकिलाला फाइल दाखवून सल्ला घ्या. सल्ल्याची फी वेगळी असते आणि खटला चालवण्याची वेगळी. सल्ला घेऊन तक्रार स्वतः चालवणारे मी पाहिले आहेत.

कौटुंबिक न्यायालयातही वकील असलाच पाहिजे असं नाही. उलट १९८४ च्या कायद्याप्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीचा विषय आहे. पण पोटगी आणि मुलांचा ताबा हे विषय इतके नाजूक असतात की त्यावर मी इथे थोडक्यात काही सांगणार नाही.

आधी नोटीस

दोन पानांपेक्षा मोठी नको. काय घेतलं, कधी घेतलं, किती पैसे दिले, काय बिघडलं, कितीदा कळवलं, आता काय हवं, किती दिवसांत हवं. १५ दिवस पुरे. खाली सही. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही.

दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, आणि तीच नोटीस ई-मेलनेही. पोस्टाची पावती थर्मल कागदावर असते आणि काही महिन्यांत कोरी होते. माझ्या पहिल्या पावतीवर वर्षभराने फक्त पांढरा कागद उरला होता. नशिबाने त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवली होती. पेट्रोल पंपाच्या, एटीएमच्या, दुकानाच्या बिलाचंही हेच होतं. थर्मल कागद हातात आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगचं पानही लगेच छापून घ्या, कारण ते संकेतस्थळावर कायम राहत नाही.

फाइल

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मी तीन रविवार घातले.

सगळे कागद जमिनीवर पसरा आणि तारखेच्या क्रमाने लावा. विषयवार लावू नका; घटना जशी घडली तसा कागद आला पाहिजे. मग एका कोऱ्या कागदावर तारीखवार टिपण करा. माझं असं होतं:

४/१/२०२२: बंब बसवला, बिल, ३८,००० रु., पान ८
४/१/२०२२: वॉरंटी कार्ड, पाच वर्षं, पान ९ ते ११
११/९/२०२२: गळती सुरू, दुकानदाराला व्हॉट्सॅप, पान १२
१९/९/२०२२: कंपनीचा तंत्रज्ञ आला, व्हिजिट स्लिप, पान १४
२/११/२०२२: कंपनीचा ई-मेल, "पाण्याच्या क्षारामुळे", पान १७

असं दीड पान झालं. हे टिपण तयार झालं की तक्रार निम्मी लिहून झालेली असते. आणि लिहिताना आपल्याकडे कोणत्या तारखेचा कागदच नाही तेही उघडं पडतं. मला तेव्हा कळलं की २०२२ च्या डिसेंबरमधलं सगळं बोलणं फोनवर झालं होतं आणि त्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. तो भाग मी तक्रारीत एका वाक्यात आटोपला. ज्याचा कागद नाही त्यावर फार जोर देऊ नये.

चौदा नंबरच्या पानाबद्दल थोडं सांगते. कंपनीचा मुलगा पाहणीला आला, गच्चीवर गेला, खाली येऊन त्याने कार्बन लावलेल्या पावती पुस्तकात चार ओळी खरडल्या आणि पिवळी प्रत मला दिली. मी ती चुंबकाने फ्रीजवर लावून विसरून गेले. फाइल लावताना वाचली तेव्हा त्यात बॉलपेनने लिहिलेलं होतं: 'टाकीचा सांधा लीक. टाकी बदलणे.' खाली त्याची सही. क्षाराचा उल्लेखही नव्हता. पुढे सगळा निकाल या पिवळ्या कागदावर फिरला. घरी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडून स्लिप घ्या, आणि तो जायच्या आधी ती वाचा.

व्हॉट्सॅपचे स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचा नंबर आणि तारीख दोन्ही दिसू दे. सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर संपर्काचं पान उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट जोडा. मूळ संदेश फोनमधून पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र सांगितलं आहे, आणि त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. आयोगाचं काम दिवाणी कोर्टाइतकं काटेकोर चालत नाही, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं, म्हणजे समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

शेवटी उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने पान नंबर घाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. सर्वात वर कागदपत्रांची यादी: अनुक्रमांक, कागदाचं वर्णन, तारीख, पान नंबर. हे सगळं झाल्यावरच झेरॉक्स काढा. आधी झेरॉक्स आणि मग नंबर असं केलंत तर सगळ्या संचांवर हाताने नंबर घालत बसाल, आणि एका संचात चूक होईलच.

तक्रार लिहिणं

मराठीत लिहा. जिल्हा आयोगात मराठी चालते, आणि आपण ज्या भाषेत भांडलो त्या भाषेत वेदनाही नेमकी उतरते.

वर आयोगाचं नाव, मग 'तक्रारदार' म्हणून तुमचं नाव, वय, धंदा, पत्ता, मग 'विरुद्ध', मग समोरच्यांची नावं-पत्ते. समोरच्या पक्षाला कुठे 'सामनेवाले' म्हणतात, कुठे 'जाबदेणार', कुठे 'विरुद्ध पक्ष', कुठे 'गैरअर्जदार'. तुमच्या आयोगातला एखादा जुना निकाल वाचला की तिथला शब्द कळतो. दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही पक्षकार करा. मला आधी वाटलं होतं, दुकानदार बिचारा ओळखीचा आहे, त्याला कशाला ओढा. पण तो नसता तर कंपनीने सगळा दोष त्याच्या बसवण्यावर ढकलला असता आणि उत्तर द्यायला तिथे कोणीच नसतं. कंपनीचं नाव बिलावर, वॉरंटी कार्डावर छापलं आहे तसंच्या तसं लिहा, 'प्रायव्हेट लिमिटेड'सकट.

परिच्छेदांना नंबर द्या आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा. माझ्या पहिल्या मसुद्यात असं वाक्य होतं: "सामनेवाल्यांनी संगनमताने माझी घोर फसवणूक करून मला अतोनात मनस्ताप दिला." आयोगाच्या बाहेर भेटलेल्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी ते वाचलं आणि विचारलं, "यातलं कोणतं पान?" घरी येऊन मी लिहिलं: "दि. १९/०९/२०२२ रोजी सामनेवाला क्र. २ यांच्या तंत्रज्ञाने पाहणी करून 'टाकीचा सांधा लीक. टाकी बदलणे.' असा शेरा दिला (पान १४). त्यानंतर आजतागायत टाकी बदलून दिलेली नाही." राग दुसऱ्या वाक्यातही आहे, पण तो वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

घटना सांगून झाल्या की चार गोष्टी राहता कामा नयेत: तुम्ही ग्राहक कसे, आयोगाला अधिकार कसा (रक्कम आणि राहण्याचं ठिकाण), तक्रार मुदतीत कशी, आणि समोरच्याची 'सेवेतील त्रुटी' किंवा 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणती. हे शेवटचे शब्द कायद्याचे आहेत, ते तसेच वापरा.

मग मागणी. एकेक वेगळी लिहा: वस्तूचे पैसे परत किंवा वस्तू बदलून, त्यावर व्याज कोणत्या तारखेपासून, मानसिक व शारीरिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. तसंच ३८,००० च्या बंबासाठी पाच लाख मनस्ताप मागितला तर तुमचं खरं दुखणंही हलकं वाटायला लागतं. मी मनस्तापाचे २५,००० आणि खर्चाचे १०,००० मागितले; ७,००० आणि ३,००० मिळाले. व्याज सहसा वर्षाला ६ ते ९ टक्क्यांच्या आसपास दिलं जातं.

तक्रारीबरोबर शपथपत्र लागतं, नोटरीसमोर केलेलं. ओळखपत्र मूळ न्या.

दाखल करणं

मी तक्रार दाखल केली तेव्हा 'ई-दाखिल' होतं. जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे नवं पोर्टल आलं आहे. मोबाइल नंबरवर खातं उघडायचं, पक्षकारांची माहिती भरायची, पीडीएफ चढवायच्या, फी असेल तर ऑनलाइन भरायची. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं हवं. फोनच्या कॅमेऱ्याने तिरकं काढलेलं पान परत येतं. पिवळ्या कार्बन कॉपीसारखे फिके कागद रंगीत स्कॅन करा, आणि शेजारी टाइप केलेला मजकूर 'वाचनीय प्रत' म्हणून जोडा.

छापील संचही तयार ठेवा: आयोगासाठी तीन, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक, आणि स्वतःसाठी एक. आयोगाच्या कार्यालयात छाननी होते. काही कमी असेल तर त्रुटी काढतात: सही राहिली, पान फिकं, यादी नाही. मन खट्टू करून घेऊ नका, वकिलांच्या फाइलींतही त्रुटी निघतात. त्रुटीचा कागद मागून घ्या, सगळं एकदाच दुरुस्त करा आणि दिलेल्या मुदतीत परत द्या. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांशी नम्रपणे बोला. त्यांच्यासमोर दिवसाला असे वीस घाबरलेले लोक येतात, आणि नीट विचारलं तर ते नीट सांगतात.

नंतर दाखल-सुनावणी होते, म्हणजे तक्रार दाखल करून घ्यायची की नाही एवढ्यापुरती. कायद्यात त्यासाठी २१ दिवस दिले आहेत; त्यात निर्णय झाला नाही तर तक्रार दाखल झाली असं समजलं जातं. मग सामनेवाल्यांना नोटीस निघते.

तारखेच्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. दाराजवळ त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, म्हणजे प्रकरणांची यादी. आपला नंबर कितवा ते बघा. शिपाई नावाचा पुकारा करतो. पुकारा झाला तेव्हा तुम्ही चहाला गेलेले असाल तर तुमची गैरहजेरी लागते. गैरहजेरीमुळे तक्रार काढून टाकली गेली, तर जिल्हा आयोगाला स्वतःहून ती पुन्हा उघडता येत नाही. त्यासाठी राज्य आयोगात अपील करावं लागतं. म्हणून पाणी प्यायलाही जाताना शेजारच्या माणसाला सांगून जा. आजारपणामुळे जमणारच नसेल तर अर्ज देऊन कोणाला तरी पाठवा. व्हिडिओद्वारे हजर राहू देण्यासाठीही अर्ज करता येतो.

साधे, स्वच्छ कपडे, मोबाइल बंद. पुकारा झाला की पुढे जाऊन उभं राहायचं, नमस्कार करायचा आणि सांगायचं: "मी तक्रारदार स्वतः हजर आहे." एवढं वाक्य घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून बघा. पहिल्या वेळी माझा आवाज फुटला नव्हता आणि समोर बसलेल्या मॅडमनी दोनदा विचारलं, "तुमचे वकील कोण?"

बोलायचं ते समोर बसलेल्यांशी, 'सर' किंवा 'मॅडम' म्हणून. समोरच्या वकिलाकडे वळून भांडू नका. तो खोटं बोलतो आहे असं वाटलं तरी त्याचं संपू द्या, तोवर हातातल्या कागदावर मुद्दा टिपून ठेवा.

माझ्या दुसऱ्या तारखेला अध्यक्षांनी विचारलं, "वॉरंटी कार्ड कुठे आहे?" मी फाइल चाळायला लागले. नंबर घातलेले होते, पण घाबरल्यामुळे मी यादीकडे न बघता पानंच उलटत राहिले. मागे पन्नास माणसं बसलेली, पंखा वर फिरतोय, फाइलची नाडी सुटून चार पानं खाली पडली. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सावकाश बघा." त्या दिवसापासून मी यादीचा कागद फाइलच्या बाहेर, वेगळा हातात धरायला लागले, आणि महत्त्वाच्या पाच पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. तुम्ही हे पहिल्या तारखेपासूनच करा.

प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद रोजनाम्यात होते. पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, दोन्ही जागीच लिहून घ्या. 'जबाबासाठी', 'पुराव्यासाठी', 'युक्तिवादासाठी' या शब्दांवरून घरी काय तयारी करायची ते ठरतं.

मधले टप्पे

सामनेवाल्यांना लेखी जबाब द्यायला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस असतात, आणि आयोग आणखी जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. नोटीस कधी पोहोचली त्याची तारीख फाइलमधून बघून ठेवा. ४५ दिवस उलटल्यावर जबाब आला तर नम्रपणे एवढंच म्हणा, "सर, नोटीस अमुक तारखेला बजावली आहे, मुदत संपली आहे," आणि तोच मुद्दा लेखी अर्जातही द्या.

जबाबाची प्रत मिळाली की घरी शांतपणे वाचा. त्यात बहुधा "तक्रारीतील सर्व मजकूर खोटा व लबाडीचा असून नाकबूल आहे" असं लिहिलेलं असतं. वाचून रात्रभर झोप लागत नाही, मलाही लागली नव्हती. पण ही कोर्टातली ठरीव भाषा आहे, ती मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने लिहा: याचं उत्तर कोणतं पान?

मग तुमचं पुराव्याचं शपथपत्र. ग्राहक आयोगातलं काम मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रं यांवरच चालतं, सिनेमात दिसते तशी उलटतपासणी सहसा होत नाही. नवीन सांगायचं काही नसेल तर 'तक्रार, शपथपत्र व दाखल कागदपत्रे हाच माझा पुरावा समजावा' अशी पुरसिस द्यायची. पुरसिस म्हणजे आयोगाला एखादी गोष्ट कळवणारा चार ओळींचा, सही केलेला कागद. हा शब्द कानावर पडला की नवखा माणूस गोंधळतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

या काळात समोरचे वकील बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणतील, "मिटवून टाकू." मिटवणं वाईट नाही, कायद्यात मध्यस्थीची तरतूदही आहे. पण रक्कम, तारीख आणि पैसे देण्याची पद्धत कागदावर घ्या, आणि ती तडजोड आयोगासमोर पुरसिस देऊन नोंदवा. पैसे खात्यात जमा होण्याआधी तक्रार मागे घेऊ नका.

वयस्कर माणसाला प्रत्येक तारखेला जाणं जमत नसेल तर अधिकारपत्र देऊन घरचं कोणी उभं राहू शकतं. ग्राहकाचा अधिकृत प्रतिनिधी वकील नसला तरी बाजू मांडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलं; ते प्रकरण मुंबईतल्या ग्राहक मंचातूनच वर गेलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंचा मेडिक्लेम नाकारला तेव्हा त्यांची सून अशीच उभी राहिली. काकू ७४ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू. पॉलिसीची जी अट दाखवून क्लेम नाकारला होता, ती सुनेने पॉलिसीत शोधून बाणाने दाखवली; अट दुसऱ्याच आजाराला लागू होती.

युक्तिवाद

आधी लेखी युक्तिवाद द्या, तीन-चार पानांचा. तोंडी बोलायला दहा मिनिटं मिळाली तर खूप, असं धरून तयारी करा. मी घरी स्वयंपाकघरात यजमानांना समोर बसवून घड्याळ लावून बोलून बघितलं. पहिल्यांदा बावीस मिनिटं झाली. मग दुकानदाराने फोन कसे उचलले नाहीत, कंपनीच्या मुलीने उर्मटपणे कसं उत्तर दिलं, हे सगळं कापलं. सहा मिनिटांवर आलं.

त्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी क्षाराच्या पाण्यावर बराच वेळ घेतला. माझी पाळी आली तेव्हा मी दोनच पानं दाखवली. पान १०, वॉरंटीच्या अटी: त्यात पाण्याच्या क्षाराची अटच नाही. पान १४, पिवळी स्लिप: कंपनीच्याच माणसाने सांधा गळतो असं लिहिलं आहे. अध्यक्षांनी स्लिप हातात घेतली, उजेडाकडे धरून वाचली आणि वकिलांना विचारलं, "ही सही तुमच्या माणसाची आहे ना?" ते थोडं थांबले आणि "हो" म्हणाले. मी पुढे काही बोलले नाही.

निकालानंतर

कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं आहे, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरून चाला.

निकालाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. आदेशात पैसे द्यायची मुदत असते. तुमच्या विरुद्ध निकाल गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येतं. राज्य आयोग मुंबईला आहे, आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठं आहेत. समोरच्याला अपील करायचं असेल तर त्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे लहान रकमांत कंपन्या सहसा वर जात नाहीत.

मुदत संपून अपीलही झालं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीसाठीचा अर्ज, दाखल करायची. कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निकाल लागला म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. बरेच लोक इथेच थकतात, आणि समोरच्यांना तेच हवं असतं.

माझ्या प्रकरणात आदेशाची मुदत संपून दोन महिने गेले तरी कंपनी गप्प होती. दरखास्त दाखल केली. नोटीस पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टाने डिमांड ड्राफ्ट आला, व्याजासकट. बँकेत भरण्याआधी मी त्याची झेरॉक्स काढली, कोपऱ्यात लाल पेनने ६१ घातलं आणि फाइलमध्ये शेवटी लावली.